वाघोलीची बस नेमकी कुठे अडते?

पुण्याच्या पूर्व टोकाला असलेल्या वाघोलीत, केसनंद फाट्यावर सकाळी साडेआठला पाऊण तास बस आली नाही की थांब्यावर एकच वाक्य ऐकू येतं, "बसच कमी आहेत." ते खरं आहे, पण अर्धंच. गेल्या काही वर्षांत पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, ताफ्यात नव्या बस आल्या, विजेवरच्या आल्या, वाघोलीत आगारही झालं. तरी नगर रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला फरक जाणवत नाही. मंजुरीची बातमी आणि थांब्यावर थांबलेली बस यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. एकेका पायरीवर काही महिने जातात, आणि शेवटच्या पायरीवर, म्हणजे रस्त्यावर, आलेल्या बसही जिरून जातात.

थोडी पार्श्वभूमी. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली आणि ३० जून २०२१ रोजी आणखी २३. वाघोली या दुसऱ्या खेपेत आली. महापालिकेचं क्षेत्रफळ त्यामुळे ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं. बससेवा महापालिका स्वतः चालवत नाही. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून झालेली कंपनी, म्हणजे पीएमपीएमएल (बोलण्यात पीएमपी), ती चालवते. तिची तूट पुणे ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के अशी भरून देतात. हद्द वाढली म्हणून बस आपोआप वाढत नाहीत. आहेत त्याच बस जास्त लांब पसरतात. केंद्र सरकारच्या सेवा-मापदंडांनुसार दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस, म्हणजे लाखामागे ६०, ही उत्तम पातळी आणि लाखामागे २० पेक्षा कमी ही सर्वांत खालची. मोजायला हा आकडा बरा आहे, पण एकटा पुरत नाही. का, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

समजा वाघोली ते मनपा (महापालिका भवनाजवळचं बसस्थानक) अशा मार्गाचं एका बाजूचं अंतर १८ किलोमीटर धरलं. सिग्नल, थांबे, चढउतार सगळं धरून बसचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर. म्हणजे एका बाजूला ७२ मिनिटं, येऊन-जाऊन १४४. दोन्ही टोकांना चालक-वाहकांना श्वास घ्यायला आणि वेळ सावरायला प्रत्येकी १० मिनिटं. एक पूर्ण फेरी १६४ मिनिटांची. दर १० मिनिटांनी बस हवी तर १६४ भागिले १०, म्हणजे १७ बस रस्त्यावर लागतात. देखभालीला आणि बिघाडाला दहा टक्के राखीव धरल्या तर १९.

आता वेग ताशी १२ वर आणा. एका बाजूला ९० मिनिटं, फेरी २०० मिनिटांची, बस लागतील २०. वेग १० वर आला तर फेरी २३६ मिनिटांची आणि बस लागतील २४. म्हणजे खराडी बायपास, चंदननगर, विमाननगर चौक इथली कोंडी वाढून वेग १५ चा १० झाला, तर सात नव्या बस आणूनसुद्धा प्रवाशाला आधी होतं तेवढंच मिळतं. त्या सात आल्याच नाहीत तर १० मिनिटांची बस १४ मिनिटांवर जाते. उलट वेग १८ केला तर १४ बस पुरतात आणि तीन बस बकोरी रस्ता किंवा लोहगाव रस्त्याकडे वळवता येतात.

म्हणून "किती बस मिळणार?" या प्रश्नाला माझ्या मते दुय्यम जागा द्यावी. "गर्दीच्या वेळी किती मिनिटांनी बस मिळेल आणि त्यासाठी वेग किती धरला आहे?" हे विचारलं पाहिजे. वेग न सांगता बसचा आकडा सांगणं म्हणजे टाकीला भोक किती आहे ते न सांगता पाण्याच्या बादल्या मोजणं.

नगर रस्त्यावर वेगाचा प्रश्न सोडवायचा प्रयत्न झाला होता. येरवडा ते वाघोली बीआरटी मार्ग, म्हणजे फक्त बससाठी राखीव मार्गिका, २०१६ मध्ये सुरू झाला. मधल्या स्वतंत्र मार्गिकेचा उद्देश हाच होता, बाकीची वाहनं तुंबली तरी बस चालत राहावी. पण चौकांत मार्गिका तुटत होती, खासगी वाहनं आत घुसत होती, थांब्यापर्यंत जायला रस्ता ओलांडावा लागत होता. पुढे हा मार्ग टप्प्याटप्प्याने उखडला गेला. बाकीच्या वाहनांना एक मार्गिका मिळाली, बसला मात्र त्याच गर्दीत शिरावं लागलं. एका बारा मीटर बसमध्ये बसलेले-उभे मिळून ६० माणसं असतात हे त्या मार्गिकेचा हिशेब करताना मोजायला हवं होतं. दहा मिनिटांना एक बस म्हणजे तासाला ३६० माणसं एका दिशेला, आणि नगर रस्त्यावर बरेच बसमार्ग एकत्र धावतात.

वेग कमी झाला की दुसरी एक गोष्ट बिघडते. पहिली बस पाच-सात मिनिटं उशिरा निघाली की प्रत्येक थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमलेली असतात. एका दारातून एक माणूस चढायला सुमारे तीन सेकंद धरले तर चाळीस जणांना दोन मिनिटं. ती आणखी मागे पडते. मागच्या बसला थांब्यावर माणसंच नसतात, म्हणून ती पुढे सरकते आणि अखेर दोघी एकामागोमाग येतात. अर्धा तास काही नाही आणि मग जोडीने दोन, यात चालकाची चूक क्वचितच असते. उपाय टोकाला बसलेल्या स्टार्टरच्या, म्हणजे बस सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, हातात असतो. मागच्या बसला दोन-तीन मिनिटं धरून ठेवणं, किंवा अगदीच विस्कटलं तर एक बस पूर्ण मनपापर्यंत न पाठवता येरवड्याहून वळवणं. आता बसमध्ये जीपीएस आहे, "आपली पीएमपीएमएल" अ‍ॅपवर प्रवाशालाही बस दिसते. तीच माहिती पाहून स्टार्टरने बस सोडायची पद्धत पडली तर एक रुपया न घालता दहा मिनिटांचं अंतर दहा मिनिटांच्या जवळ राहील.

मंजुरीपासून आगारापर्यंत

नवी बस कागदावरून रस्त्यावर कशी येते? आधी संचालक मंडळाचा ठराव. मग निविदा. आता बहुतेक बस "ग्रॉस कॉस्ट" पद्धतीने येतात. बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, देखभाल त्याची. वाहक पीएमपीचा, तिकिटाचे पैसे पीएमपीचे, आणि ठेकेदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर. निविदेत दर जास्त आले की वाटाघाटी, वाटाघाटी फिसकटल्या की फेरनिविदा. करार झाला की नमुना बस तयार होते आणि तिची तपासणी होते. त्यानंतर कारखान्यात उत्पादन, आरटीओत नोंदणी, परवाना.

विजेवरच्या बससाठी यात आणखी एक कडी आहे, ती बातम्यांत फारशी येत नाही. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये १०,९०० कोटी रुपयांची पीएम ई-ड्राइव्ह योजना मंजूर केली. त्यात १४,०२८ ई-बससाठी तरतूद आहे आणि ४० लाखांवर लोकसंख्या असलेल्या ज्या नऊ शहरांना त्या मिळणार त्यांत पुणे आहे. त्याच महिन्यात ३,४३५ कोटींची पैशांच्या हमीची योजनाही मंजूर झाली. परिवहन संस्थेने ठेकेदाराचं बिल थकवलं तर या निधीतून पैसे दिले जातात आणि नंतर ते राज्याच्या खात्यातून वसूल होतात. त्यासाठी राज्य सरकारने रिझर्व्ह बँकेला थेट वसुलीचं अधिकारपत्र द्यावं लागतं. हे पत्र अडलं की बँका ठेकेदाराला कर्ज द्यायला कचरतात, आणि बस कागदावरच राहते. म्हणून "बस मंजूर" ही बातमी वाचली की पुढचा प्रश्न "अधिकारपत्र दिलं का?" हा असावा.

आणि मग आगार. इथे सर्वांत जास्त वेळ जातो. पन्नास बारा-मीटर बसचं आगार धरा. एसीसह एक बस किलोमीटरला साधारण १.२ युनिट खाते. दिवसाला २०० किलोमीटर म्हणजे २४० युनिट. पन्नास बसना १२,००० युनिट. शेवटची बस रात्री अकराला आत येते, पहिली पहाटे पाचला निघते. मध्ये सहा तास. म्हणजे सहा तास सलग २,००० किलोवॅट भार, चार्जिंगमधली घट धरून त्याहून थोडा जास्त. हा भार गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर चालत नाही. उच्चदाबाची स्वतंत्र केबल, आगारात उपकेंद्राची जागा, आणि ज्या मोठ्या उपकेंद्रातून वीज येणार तिथे शिल्लक क्षमता, हे सगळं लागतं. महावितरणचा अंदाजपत्रकाचा कागद, त्याचे पैसे भरणं, केबलसाठी रस्ताखोदाईची परवानगी, असा हा क्रम. पावसाळ्यात खोदाई बंद असते. एप्रिलमध्ये परवानगी हुकली की काम दिवाळीकडे ढकललं जातं. एवढ्या एका कारणाने अर्धं वर्ष जातं.

माझं स्पष्ट मत आहे की आगाराच्या विजेचं काम बसच्या निविदेच्या आधी सुरू झालं पाहिजे. केबल एकदा पडली की ती कुठल्याही कंपनीच्या बसला चालते, बस बदलली तरी फुकट जात नाही. उलट क्रमाने गेलं तर चार्जर नसल्याने बस उभी राहते, आणि करारातल्या किमान किलोमीटरच्या अटीमुळे उभ्या बसचेही काही पैसे द्यावे लागू शकतात.

कोंडीचा विजेशीही संबंध आहे. डिझेलच्या बसला कोंडीत थोडं जास्त डिझेल लागतं, एवढंच. विजेवरची एसी बस चंदननगरला वीस मिनिटं उभी राहिली तर किलोमीटर शून्य आणि एसी चालूच. एप्रिल-मे महिन्यांत तर तो पूर्ण ताकदीने चालतो. संध्याकाळच्या पाळीत बॅटरी हिशेबाआधी उतरते आणि रात्रीची शेवटची एक फेरी रद्द होते. ज्यांना रात्री साडेदहाची बस "हल्ली कधी येते, कधी नाही" असा अनुभव आहे, त्यांनी हे एक कारण लक्षात ठेवावं. दुपारी तासभर भर-चार्जिंगची वेळ वेळापत्रकात धरली तर ते टळतं, पण त्यासाठी चार्जर दुपारी मोकळे हवेत आणि त्या तासाला बदली बस हवी.

माणसांचा हिशेब सोपा आहे आणि तरी तिथे चूक होते. १७ बस, दोन पाळ्या, म्हणजे रोज ३४ चालक आणि ३४ वाहक. साप्ताहिक सुटी आणि रजा धरली तर प्रत्येकी ४२-४३ जण नेमावे लागतात. चालक ठेकेदाराने आणला तरी वाहक पीएमपीलाच द्यावे लागतात. वाहक नाही म्हणून तयार बस आगारातून निघाली नाही, हे कोणत्याही आगारात घडू शकतं. सणासुदीला, लग्नसराईत आणि परीक्षांच्या काळात ते जास्त दिसतं.

आतल्या वस्त्यांचं काय

मुख्य रस्त्यावर बस आली तरी वाघोलीचा मोठा भाग रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटर आत आहे. बाएफ रस्ता, बकोरी रस्ता, आव्हाळवाडी रस्ता. इमारती आधी उभ्या राहिल्या, रस्ते मागून येत आहेत. बारा मीटर बसला वळताना बाहेरचं चाक साधारण १२ मीटर त्रिज्येतून फिरतं. नऊ मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लावल्या की मध्ये चार-साडेचार मीटर उरतात. समोरून टँकर आला की दोन्ही अडकतात, आणि वाघोलीत टँकर दिवसभर असतात. त्यामुळे आत नऊ मीटरच्या किंवा त्याहून लहान बस हव्यात. त्यांनाही टोकाला वळायला मोकळी जागा हवी. ती नसली की बस उलट घ्यावी लागते, आणि वर्दळीत रोज उलट घेण्यासारखा धोका पत्करायला कुठलाही आगार व्यवस्थापक तयार होत नाही. "आमच्या सोसायटीपर्यंत बस सोडा" असा अर्ज नाकारला जातो, तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं.

सोसायट्यांना इथे खरंच काही करता येण्यासारखं आहे. वळणासाठी साधारण ३० बाय ३० मीटरचा मोकळा तुकडा, निदान सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ गाड्या न लावता ठेवता आला, तर तो नकाशावर दाखवून अर्जाला जोडावा. मार्गावर वाकलेल्या फांद्या आणि खाली आलेल्या वायरी यांचे फोटो उंचीसह द्यावेत. बस तीन मीटरहून बरीच उंच असते आणि ई-बसच्या टपावरही सामान असतं. चाचणी फेरीच्या दिवशी याच गोष्टी तपासल्या जातात. त्या आधीच सोडवलेल्या असल्या तर एक खेप वाचते.

मुख्य रस्त्यावरचा थांबाही असाच. थांब्यासमोर रिक्षा आणि हातगाड्या उभ्या असल्या की बस कडेला येऊ शकत नाही. ती दुसऱ्या मार्गिकेत थांबते आणि तिच्यामागे सगळा रस्ता थांबतो. थांबा सिग्नलच्या अलीकडे असला तर बस दोनदा अडकते. एकदा माणसं घ्यायला, मग सिग्नलला. चौक ओलांडल्यावर तीस-चाळीस मीटरवर थांबा ठेवला की एकदाच. नगर रस्त्यावरचे अलीकडचे थांबे पलीकडे नेणं हे पट्टे मारून आणि शेड हलवून होणारं काम आहे.

मेट्रो येईपर्यंत

६ मार्च २०२४ पासून मेट्रो रामवाडीपर्यंत धावते. रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी या मार्गाला २५ जून २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. वनाज-चांदणी चौक तुकड्यासह १२.७५ किलोमीटर, १३ स्थानकं, ३,६२६ कोटी रुपये, मुदत चार वर्षांची. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी २०२९ पर्यंत वाघोलीकरांना बसच आहे.

आणि या चार वर्षांत रस्त्याच्या मधोमध खांबांसाठी पत्रे लागणार. रस्ता अरुंद होणार, वेग घसरणार. वरचा हिशेब परत बघा. वेग १५ चा १२ झाला तर तेवढ्याच सेवेसाठी तीन बस जास्त, १० झाला तर सात. पत्रे लावायची परवानगी देतानाच त्या पट्ट्यात किती जादा बस आणि किती वाहतूक वॉर्डन लागतील हे लिहून घ्यायला हवं. एकदा काम सुरू झालं की हे मागणं कोणी ऐकत नाही.

तोवर एक गोष्ट लगेच करता येते. वाघोली ते रामवाडी साधारण नऊ किलोमीटर. ताशी १५ ने ३६ मिनिटं, येऊन-जाऊन ७२, टोकांना आठ-आठ मिनिटं, फेरी ८८ मिनिटांची. दहा मिनिटांच्या सेवेला नऊ बस. मनपापर्यंत ज्या १७ बस लागतात त्याच फक्त रामवाडीपर्यंत चालवल्या तर पाच-सव्वापाच मिनिटांना एक बस मिळेल. सगळ्या तशा वळवू नयेत. ज्येष्ठांना, सामान असणाऱ्यांना आणि थेट मनपाच्या पासवाल्यांना सरळ बस हवीच. शिवाय बस बदलली की दोन तिकिटं पडतात. जून २०२५ च्या दरवाढीनंतर पाच ते दहा किलोमीटरच्या टप्प्याला २० रुपये, त्यावर मेट्रोचे वेगळे. पण निम्म्या बस गर्दीच्या वेळी रामवाडीला वळवून, स्थानकाच्या जिन्यालगत थांबा देऊन, सहा महिने चालवून पाहण्यासारखं हे आहे. स्थानकापासून थांबा दोनशे मीटर लांब असला तर पावसाळ्यात हा प्रयोग पडणार, हेही आधीच सांगून ठेवतो.

तक्रार करायची तर आकड्यांनी करावी. दोन कामाचे दिवस, सकाळी साडेसात ते दहा, एका थांब्यावर एक माणूस. वहीत पाच रकाने: वेळ, मार्ग क्रमांक, बसचा नंबर, भरलेली किती (जागा होती, उभे होते, दारात लटकले होते), आणि थांबली की न थांबता गेली. मार्गावरच्या तीन थांब्यांवर एकाच वेळी केलं तर बस कुठे जोडीने येऊ लागतात ते दिसतं. मग माहिती अधिकारात अर्ज करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर. त्या मार्गाची मंजूर शेड्यूल (एका बसचं दिवसभराचं ठरलेलं काम म्हणजे एक शेड्यूल) किती, त्या दोन दिवशी प्रत्यक्ष किती सुटली, रद्द झालेल्या फेऱ्यांचं नोंदवहीतलं कारण काय (वाहक नाही, चालक नाही, बिघाड, चार्जिंग, कोंडी), आणि बस कोणत्या आगारातून येतात, एवढंच विचारावं. "सेवा का सुधारत नाही?" असा प्रश्न विचारला तर उत्तर येत नाही, कारण मत ही माहिती नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करावं.

उत्तरातला कारणांचा रकाना सर्वांत मोलाचा. फेऱ्या वाहकाअभावी रद्द झाल्या असतील तर मागणी भरतीची किंवा फेरवाटपाची करायची. चार्जिंगमुळे असतील तर आगाराच्या विजेची. कोंडीमुळे असतील तर अर्ज पीएमपीकडे करून उपयोग नाही. तो वाहतूक पोलीस आणि महापालिकेच्या पथ विभागाकडे, त्या चौकाच्या नावासह गेला पाहिजे.